विल्यम गॉसेट ऊर्फ ‘विद्यार्थी’

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चुलीवर भात रटरटत असतो. आई डावाने एखादे शीत उचलते, बोटांनी चेपून पाहते आणि भात शिजला की नाही ते सांगते. सगळीच शिते चेपून पाहावयाची ठरविली तर ताटात वाढावयास काय उरणार? पण एकाच शितावर कितपत विश्वास टाकावा? तळाचा भात शिजला असून वरचा कच्चा राहिला असेल तर? दोन शिते पाहावीत, की चार, की दहा? आणि चार शितांनी जे सांगितले ते सबंध पातेल्याबद्दल खरे असण्याचा भरवसा किती धरावा?

स्वयंपाकघरात हा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण भात कच्चा निघाला तर पाण्याचा हबका मारून पुन्हा झाकण ठेवता येते. शेतात, कारखान्यात किंवा रुग्णालयात मात्र चुकीच्या शितावर ठेवलेला विश्वास फार महाग पडतो. थोड्या शितांचा भरवसा मोजण्याची रीत ज्या गृहस्थांनी शोधून काढली, ते कोणी विद्यापीठातील प्राध्यापक नव्हते. ते एका कारखान्यात नोकरीस होते, आणि आपले जवळजवळ सर्व संशोधन त्यांनी टोपणनावाने प्रसिद्ध केले. त्यांचे खरे नाव विल्यम सीली गॉसेट. टोपणनाव होते ‘स्टुडंट’, म्हणजे विद्यार्थी.

गॉसेट यांचा जन्म १३ जून १८७६ रोजी इंग्लंडमधील कँटरबरी या गावी झाला. त्यांचे घराणे मूळचे फ्रान्समधले. धर्मछळामुळे देशत्याग करून इंग्लंडमध्ये येऊन राहिलेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबांपैकी ते एक होते. वडील फ्रेडरिक गॉसेट हे ब्रिटिश सैन्याच्या अभियंता पथकात कर्नल होते. पाच भावंडांत विल्यम सर्वांत थोरला. वडिलांप्रमाणे त्यानेही सैन्यात जाऊन अभियंता व्हावे असे ठरले होते. परंतु त्याची दृष्टी अधू निघाली आणि तो मार्ग बंद झाला. मग विंचेस्टरच्या प्रसिद्ध विद्यालयातून शिष्यवृत्ती मिळवीत तो ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात गेला. तेथे १८९७ साली गणिताच्या आणि १८९९ साली रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्याने पहिला वर्ग मिळविला. गणित आणि रसायन या दोन विद्यांची ही जोड पुढे त्याच्या फार उपयोगी पडली.

१८९९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, गॉसेट आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे गिनेस कंपनीच्या कारखान्यात रुजू झाले. हा कारखाना १७५९ सालापासून चालत आलेला आणि त्या काळी आपल्या धंद्यात जगात सर्वांत मोठा गणला जाणारा होता. तेथे जवापासून, म्हणजे ज्याला आपण सातू म्हणतो त्या धान्यापासून, काळसर रंगाचे एक मद्य तयार होत असे. मद्याच्या कारखान्याचे नाव निघताच एखाद्या पालकाच्या कपाळाला आठी पडेल. पण विद्येला सोवळेओवळे नसते. ती कोठे उगवावी हे कोणी ठरवून देऊ शकत नाही.

या कंपनीच्या चालकांनी त्या काळात एक दूरदर्शीपणाची गोष्ट केली होती. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथून शास्त्रविषयात उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेले तरुण ते कारखान्यात नेमू लागले होते. तोवर जव चांगला की वाईट हे जुने जाणते कामगार धान्य हातात घेऊन, वास घेऊन सांगत. आता ही पारख मापाने आणि आकड्यांनी करावयाची होती. कोणत्या जातीचा जव अधिक पिकतो? कोणत्या खताने दाणा सुधारतो? मोड आणून भाजलेल्या जवातून साखरेचा अंश किती निघतो? यीस्ट किती घालावे? असे शेकडो प्रश्न होते आणि प्रत्येकाचे उत्तर प्रयोगानेच मिळणारे होते.

प्रयोग करावेत तर आकडे हाती येत, पण ते कधी एकसारखे येत नसत. एकाच पोत्यातील जवाचे दोन नमुने तपासले तर दोन निराळी उत्तरे. एकाच शेताच्या दोन वाफ्यांत एकच बी पेरले तरी उत्पन्न निरनिराळे. मग एका जातीचे उत्पन्न दुसरीपेक्षा थोडे अधिक आले, तर ती जात खरोखरच सरस म्हणावी, की हा केवळ योगायोग समजावा? शंभर शंभर वेळा प्रयोग करता आले असते तर उत्तर सोपे होते. परंतु जवाचे पीक वर्षातून एकदा येते. गॉसेट यांच्या हाती बहुधा चार, सहा, फार तर दहा आकडे असत.

सहकाऱ्यांपैकी गॉसेट यांना गणिताचे भय सर्वांत कमी, म्हणून आकड्यांची ही अडचण हळूहळू त्यांच्याकडे येऊ लागली. १९०४ साली त्यांनी कंपनीसाठी एक अहवाल लिहिला. मोजमापात होणाऱ्या चुकांचे नियम खगोलशास्त्रज्ञांनी पूर्वीच बसविले होते. ते नियम कारखान्याच्या कामास कसे लावता येतील हा त्या अहवालाचा विषय. साखरेच्या अंशाची दोनच मापे घेतली तर उत्तर अर्ध्या अंशाच्या आत बरोबर असण्याची शक्यता चारास एक, आणि चार मापे घेतली तर ती बारास एक होते, असा हिशेब त्यांनी मांडून दाखविला. कारखानदाराला नेमके हेच हवे असते. पूर्ण खात्री कोणाच्याच हाती नसते. किती खात्रीसाठी किती खर्च करावा एवढेच ठरवावयाचे असते.

परंतु या हिशेबात एक खोट आहे हे गॉसेट यांना जाणवत होते, आणि ती दूर कशी करावी हे कळत नव्हते. अशा विषयात त्या वेळी इंग्लंडमध्ये एकच अधिकारी पुरुष होते, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील प्राध्यापक कार्ल पीअर्सन. १९०५ च्या जुलै महिन्यात पीअर्सन सुटीसाठी एका खेड्यात राहिले होते आणि गॉसेटही रजेवर इंग्लंडात आले होते. आपले प्रश्न आधी पत्राने कळवून गॉसेट सायकलवर बसले आणि सुमारे वीस मैलांची रपेट करून त्यांच्या भेटीस गेले. जेमतेम अर्ध्या तासाच्या त्या भेटीत प्रचलित पद्धतींची वाट त्यांना सापडली. पुढच्या वर्षी कंपनीनेच त्यांना अधिक अभ्यासासाठी पीअर्सन यांच्या प्रयोगशाळेत धाडले. १९०६ हे साल त्यांच्या आयुष्यात दुहेरी महत्त्वाचे. याच वर्षी त्यांचा मार्जरी फिलपॉट्स यांच्याशी विवाह झाला. त्यांना पुढे एक मुलगा आणि दोन मुली झाल्या.

लंडनमध्ये गेल्यावर गॉसेट यांनी प्रथम यीस्टच्या पेशींचा प्रश्न हाती घेतला. या पेशी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचा थेंब बारीक रेघांनी ४०० चौकोन आखलेल्या काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मोजावा लागतो. कोणत्या चौकोनात किती पेशी पडतील यालाही एक नियम आहे, तो त्यांनी १९०७ साली दाखवून दिला. मात्र ज्या शोधामुळे त्यांची कीर्ती झाली तो त्यानंतरचा, १९०८ सालचा.

तो शोध नीट समजून घेण्यासारखा आहे. समजा, आपण जवाची चार मापे घेतली आणि त्यांची सरासरी काढली. ही सरासरी खऱ्या मूल्यापासून किती दूर असू शकेल? मापे एकमेकांच्या जवळ जवळ आली असतील तर सरासरीवर अधिक विश्वास ठेवता येईल. ती चारी दिशांना विखुरली असतील तर कमी. म्हणजे आकड्यांचा पसारा किती आहे हे कळले पाहिजे. पण तो पसारा तरी आपण कशावरून काढणार? त्याच चार मापांवरून! जे चार साक्षीदार साक्ष देत आहेत, त्यांच्याच तोंडून त्यांच्या खरेपणाचा दाखला घ्यावयाचा, असा हा प्रकार आहे. चार मापे योगायोगाने जवळ जवळ पडली तर पसारा लहान दिसतो आणि आपण नसत्या भरवशाने निर्णय देऊन मोकळे होतो. पीअर्सन यांच्यासारखे विद्वान शेकडो, हजारो आकडे घेऊन काम करीत. तेवढ्या आकड्यांत ही खोट इतकी लहान होते की तिच्याकडे दुर्लक्ष केले तरी चालते. गॉसेट यांना मात्र चारच आकड्यांवर निर्णय द्यावयाचा होता.

आपल्या संशयाची खातरजमा करण्यासाठी त्यांनी जी युक्ती योजली ती शाळकरी मुलालाही करता येईल अशी आहे. इंग्लंडमधील ३,००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांचा एक तक्ता पूर्वी छापून आला होता. गॉसेट यांनी पुठ्ठ्याचे ३,००० तुकडे घेऊन प्रत्येकावर एकेका माणसाची मापे लिहिली. मग ते सारे तुकडे पत्त्यांसारखे खूप वेळ पिसले, एकेक करून उचलले आणि त्याच क्रमाने मापे वहीत उतरवून काढली. लागोपाठच्या चार चार मापांचा एक गट, असे ७५० गट झाले. सर्व ३,००० माणसांची खरी सरासरी तर ठाऊकच होती. तेव्हा प्रत्येक चौकडीची सरासरी खऱ्या सरासरीपासून किती ढळते, आणि त्या चौकडीच्या स्वतःच्या पसाऱ्याशी ताडून पाहता हे ढळणे किती पट भरते, हे ७५० वेळा मोजता आले. हिशेबाने त्यांनी एक वक्ररेषा आधीच काढून ठेवली होती. पुठ्ठ्याच्या तुकड्यांनी दिलेली उत्तरे त्या रेषेशी चांगली जुळली. आज असले काम संगणक निमिषात करून टाकतो. पण त्या वेळी ७५० गटांची प्रत्येक बेरीज आणि प्रत्येक वर्गमूळ माणसालाच काढावे लागे.

या रेषेचा व्यवहारात अर्थ असा. आकडे पुष्कळ असतील तर सरासरीच्या दोन्ही अंगांना तिच्या संभाव्य चुकीच्या सुमारे दुप्पट जागा सोडली की शंभरांपैकी पंचाण्णव वेळा खरे मूल्य त्या जागेत सापडते. आकडे चारच असतील तर तेवढ्याच खात्रीसाठी तिपटीहूनही अधिक, नेमके बोलावयाचे तर ३.१८ पट, जागा सोडावी लागते. आकडे दहा असतील तर २.२६ पट पुरते, आणि तीस झाले की हा पट दोनाच्या अगदी जवळ येऊन ठेपतो. थोडक्यात, ज्याच्याजवळ पुरावा थोडा त्याने दावाही थोडा करावा. आणि तो किती थोडा, हे या रेषेने प्रथमच आकड्यात सांगितले.

आपल्या निबंधात गॉसेट यांनी झोपेच्या औषधांचे एक उदाहरण दिले आहे. दहा रोग्यांना दोन निरनिराळी औषधे देऊन कोणत्या औषधाने झोप किती वाढली याची नोंद दुसऱ्या संशोधकांनी केली होती. पहिल्या औषधाने झोप सरासरीने पाऊण तास वाढली, दुसऱ्याने २.३३ तास. मग दुसरे औषध सरस म्हणावे काय? येथे गॉसेट यांची विचार करण्याची तऱ्हा पाहावी. दोन्ही औषधांत काहीच फरक नाही असे आधी धरून चालावे. याला परिकल्पना म्हणतात. ती खरी असेल तर एकाच रोग्याच्या दोन नोंदींतील फरक कधी या बाजूस, कधी त्या बाजूस पडावा आणि सरासरी शून्याच्या आसपास यावी. प्रत्यक्षात काय आले? दहांपैकी नऊ रोग्यांना दुसऱ्या औषधाने अधिक झोप लागली, एकाला दोन्हींनी सारखीच. उलट एकही गेला नाही. सरासरी फरक १.५८ तास, आणि तो आपल्या संभाव्य चुकीच्या चौपट भरत होता. केवळ योगायोगाने एवढा फरक त्या बाजूस पडण्याची शक्यता गॉसेट यांच्या हिशेबाने सहाशेसहासष्टास एक अशी निघाली. तेव्हा फरक नाही ही परिकल्पना सोडून देणे शहाणपणाचे. दहाच माणसांवरून एवढे बोलता येते, हे तोवर कोणी दाखविले नव्हते.

हा निबंध ‘बायोमेट्रिका’ नावाच्या त्रैमासिकात १९०८ साली प्रसिद्ध झाला. त्यावर नाव होते ‘स्टुडंट’. आपल्या कामगारांनी काही छापले तर धंद्यातील गुपिते प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडतील अशी कंपनीला धास्ती वाटे. म्हणून मद्याचा, कंपनीचा किंवा स्वतःच्या नावाचा उल्लेख होता कामा नये या अटीवरच तिने परवानगी दिली. त्याच कारखान्यातील आणखी काही जणांनीही पुढे अशीच टोपणनावे घेतली. गॉसेट यांना या अटीचे दुःख झाल्याचे दिसत नाही. त्यांचा स्वभावच मुळी मागे राहण्याचा होता. दिवसभर कारखान्याचे काम करून रात्री घरी ते ही गणिते करीत बसत, आणि पाकिटांच्या पाठकोऱ्या बाजूसुद्धा त्यांना हिशेबासाठी पुरत.

निबंध छापून आला खरा, पण कित्येक वर्षे त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. हजारो आकड्यांची सवय असलेल्या पीअर्सन यांना चार आकड्यांची ही मातब्बरी वाटली नाही. तिचे महत्त्व ओळखले ते केंब्रिजच्या एका तरुण विद्यार्थ्याने. त्याचे नाव रॉनल्ड फिशर. गॉसेट यांनी आपली रेषा काही अंशी अंदाजाने बसविली होती. तिची संपूर्ण सिद्धता त्यांच्याजवळ नव्हती. १९१२ साली फिशर यांनी ती भूमितीच्या साहाय्याने करून पत्राने पाठविली. आपल्याला यातील गणित उमगत नाही असे स्वच्छ कबूल करून गॉसेट यांनी तो कागद पीअर्सन यांच्याकडे रवाना केला. असे कबूल करण्याला मन मोठे लागते. पुढे दोघांचा पत्रव्यवहार वाढला. फिशर यांनी ही रीत अनेक नव्या प्रश्नांना लावली, गॉसेट यांनी तिची कोष्टके हिशेब करून तयार केली, आणि १९२५ साली फिशर यांच्या ग्रंथातून ती जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचली. आज महाविद्यालयात वाणिज्य किंवा शेतकी शिकणारा प्रत्येक विद्यार्थी जी टी-कसोटी शिकतो ती हीच.

पीअर्सन आणि फिशर यांचे आपसांत मुळीच पटत नसे. नवल असे की गॉसेट यांचे दोघांशीही सख्य शेवटपर्यंत टिकले. पीअर्सन यांचे चिरंजीव एगॉन यांनाही त्यांचा मोठा आधार वाटे. १९२६ साली एगॉन यांनी एक शंका पत्राने विचारली. तिच्या उत्तरात गॉसेट यांनी एक मर्माची गोष्ट सुचविली. एखादी परिकल्पना धरली असता घडलेली घटना विरळा ठरते, एवढ्याने ती परिकल्पना खोटी ठरत नाही; कारण विरळा घटनाही जगात घडतच असतात. तिच्याऐवजी दुसरी एखादी परिकल्पना तीच घटना अधिक सहजपणे उलगडून दाखवीत असेल, तरच पहिली टाकून देण्यास आधार मिळतो. या एका सूचनेवर एगॉन पीअर्सन आणि त्यांचे सहकारी नेमन यांनी पुढे परिकल्पना-परीक्षणाचे सबंध शास्त्र उभारले.

गॉसेट हे केवळ कागदावरचे गणिती नव्हते. जवाच्या नव्या जातींच्या चाचण्यांसाठी ते आयर्लंडच्या शेतांतून हिंडत. इंग्लंडमधील बीव्हन नावाच्या जव-तज्ज्ञांशी त्यांचा निकटचा स्नेह होता. शेताची सुपीकता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बदलत जाते, म्हणून दोन जाती शेजारी शेजारी, आळीपाळीने पट्ट्यापट्ट्यांनी पेरून त्यांची जोडीजोडीने तुलना करावी, असे या दोघांचे मत. फिशर यांचे म्हणणे निराळे. कोणता पट्टा कोणत्या जातीस द्यावयाचा हे चिठ्ठ्या टाकूनच ठरवावे, नाहीतर आपल्या नकळत पक्षपात शिरतो, असा त्यांचा आग्रह होता. हा वाद गॉसेट यांच्या अखेरच्या वर्षांपर्यंत चालला. पुढील पिढ्यांनी चिठ्ठ्या स्वीकारल्या, पण जोड्या लावण्याची रीतही सोडली नाही. तेव्हा कोणाचाच पराभव झाला असे म्हणता येत नाही.

गॉसेट यांच्या विवेकाचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र शेतातले नव्हे, शाळेतले आहे. १९३० साली स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर परगण्यात एक प्रचंड प्रयोग झाला. शाळेत रोज दूध दिल्याने मुलांची वाढ किती होते हे पाहावयाचे होते. ६७ शाळांतील २०,००० मुले निवडली. त्यांपैकी १०,००० मुलांना फेब्रुवारीपासून जूनपर्यंत रोज पाऊण पाइंट, म्हणजे सुमारे ४२५ मिलिलिटर दूध दिले. उरलेल्या १०,००० मुलांना दिले नाही. आरंभी आणि अखेरीस सर्वांची उंची आणि वजन घेतले. खर्च हजारो पौंडांच्या घरात गेला. एवढी मोठी संख्या पाहिल्यावर निकालाबद्दल शंका कोण घेणार?

चार आकड्यांवरून सावधपणे बोलणाऱ्या गॉसेट यांनीच ती घेतली. दूध कोणाला द्यावयाचे ही निवड प्रथम काही शाळांत चिठ्ठ्या टाकून आणि काही शाळांत नावांच्या अनुक्रमाने झाली होती. पण एखाद्या गटात धष्टपुष्ट किंवा रोडकी मुले फार झाली असे वाटल्यास शिक्षकांनी अदलाबदल करावी अशी मुभा ठेवली होती. तेथेच घोटाळा झाला. समोर गरिबाचे हाडकुळे पोर उभे आहे, त्याला दूध नाही आणि खात्यापित्या घरच्या मुलाला आहे, हे कोणत्या शिक्षकाला पाहवेल? पुष्कळ शिक्षकांनी नकळत अशक्त मुलांना दुधाच्या गटात घातले. ज्याने आयुष्य शाळेत घालविले आहे त्याला या शिक्षकांना दोष देववत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर माझ्या हातूनही तेच घडले असते. परंतु परिणाम असा झाला की प्रयोगाच्या आरंभीच दूध न मिळणारी मुले दूध मिळणाऱ्यांपेक्षा वजनात सुमारे तीन महिन्यांच्या आणि उंचीत सुमारे चार महिन्यांच्या वाढीइतकी पुढे होती. मग शेवटच्या तुलनेला अर्थ तो काय राहिला?

दुसरा दोष गॉसेट यांनी दाखविला तो तर ऐकणाऱ्याला चकित करणारा आहे. मुलांची वजने अंगावरच्या कपड्यांसह घेतली होती. पहिल्यांदा कडाक्याच्या थंडीत आणि नंतर उन्हाळ्यात. सुखवस्तू घरच्या मुलाच्या अंगावर हिवाळ्यात भारी लोकरीचे कपडे असत आणि जूनमध्ये ते उतरत, त्यामुळे काट्यावर त्याची वाढ कमी दिसे. गरिबाच्या मुलाजवळ उतरवायला जाडे कपडे मुळात नव्हतेच. आता दुधाच्या गटात गरिबांची मुले अधिक असतील तर दुधाने वाढलेले वजन कोणते आणि कपड्यांनी दाखविलेले कोणते, हे कसे ओळखावे? दूध वाईट आहे असे गॉसेट यांनी कोठेही म्हटले नाही. या प्रयोगावरून दुधाचा गुण किती हे सांगता येत नाही, एवढेच त्यांनी १९३१ साली लिहिले. आणि उपायही सांगितला. अगदी एकसारखी दिसणारी जुळी मुले घ्यावीत, जोडीपैकी दूध कोणाला हे नाणे उडवून ठरवावे. अशा ५० जोड्या अत्यल्प खर्चात या २०,००० मुलांपेक्षा अधिक विश्वसनीय उत्तर देतील. पातेले ढवळल्यावाचून वरवरची हजार शिते घेण्यापेक्षा नीट निवडलेली थोडी शिते बरी, हे त्यांच्या टीकेचे सार होते.

घरी गॉसेट यांचे जीवन साधे आणि हसतमुख होते. त्यांना बागेची आणि फळझाडांची आवड. सुतारकामाचा नाद तर विलक्षण. मासे धरणाऱ्यांसाठी त्यांनी एक होडी स्वतःच्या कल्पनेने बनविली होती, तिला दोन्ही टोकांस सुकाणू होते. डोंगर चढणे, सायकल, बर्फावरून घसरणे, काही त्यांना वर्ज्य नव्हते. १९३४ साली मोटारीच्या अपघातात त्यांचा पाय मोडला आणि काही महिने अंथरुणावर काढावे लागले. त्याही काळात त्यांचा अभ्यास चालू राहिला.

१९३५ साली कंपनीने लंडनजवळ पार्क रॉयल येथे नवा कारखाना उभारला. त्याची जबाबदारी घेण्यासाठी डब्लिनमधील छत्तीस वर्षांचे बिऱ्हाड मोडून गॉसेट तेथे गेले. १९३७ च्या सप्टेंबरात कंपनीच्या दोन्ही कारखान्यांचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. पण ते त्यांना महिनाभरच लाभले. १६ ऑक्टोबर १९३७ रोजी बेकन्सफील्ड येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते एकसष्ट वर्षांचे होते.

पट्टे की चिठ्ठ्या या वादावरचा त्यांचा शेवटचा निबंध ‘बायोमेट्रिका’त १९३८ साली, त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. १९४२ साली एगॉन पीअर्सन आणि जॉन विशार्ट यांनी त्यांचे सर्व निबंध एकत्र करून पुस्तकरूपाने छापले. आता नाव लपविण्याचे काही कारण उरले नव्हते. तरीही त्या पुस्तकाच्या शीर्षकात संपादकांनी ‘स्टुडंट’ हेच नाव ठेवले.